बंद लाइनीची सोबत

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन बस, एक जीप आणि शेवटचा अर्धा किलोमीटर बॅग ओढत. विजेच्या उपकेंद्राच्या फाटकाशी पॅनेलवरची ऑपरेटर चावी घेऊन उभी होती. तिशीची, तोंडाची भलतीच फटकळ. माझ्याकडे पाहून म्हणाली, की गणिताच्या मॅडम म्हटल्यावर आम्हाला वाटलं चष्मा मोठा असेल. चष्मा बॅगेत आहे असं मी सांगितलं, तर खो खो हसली. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. भिंती पिवळ्या, नळाला पाणी, खिडकीला जाळी. खिडकीतून समोरच विजेचा मनोरा दिसतो. त्यावर निळ्या पाटीवर पांढरा आकडा आहे: ३. आतल्या खोलीत एक लोखंडी कॉट, आणि आधी कुणी राहून गेलेल्याची हातांची वेताची खुर्ची. खुर्ची उत्तम आहे, पण मी कॉटवर बसूनच लिहिते आहे. दुसऱ्याच्या खुर्चीत लगेच बसवत नाही.

धाकटीचा फोन आला. ताई, आता तरी स्वतःपुरतं जग, म्हणाली. आईच्या आजारपणात अकरा वर्षं मी एकांत, एकांत म्हणून जीव टाकत होते. आता आई गेली, आणि तो ढिगाने मिळाला आहे. कॉलेजातून तीन आठवडे रजा, काम मनाजोगं, आणि हाक मारायला कुणी नाही. मला आनंद झाला आहे. झाला आहे ना? हो, झाला आहे.

४ तारीख, मंगळवार

काम नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझीच फसगत व्हायला नको.

इथून एकतीस किलोमीटरवर दुसरं उपकेंद्र आहे. दोन्हींच्या मध्ये दोन लाइनी शेजारी शेजारी, एकाच मनोऱ्यांवरून जातात. एक चालू आहे, दुसरी दुरुस्तीसाठी बंद. बंद म्हणजे दोन्ही टोकांना सोडवलेली. तरी तिच्यात वीज नसते असं नाही. शेजारणीमुळे तिच्यातही दाब येतो, हात लावला तर माणूस जागच्या जागी संपेल इतका. चोवीस तारखेला नऊ नंबरच्या मनोऱ्यावर तिघेजण चढून तारा ज्यांना टांगतात त्या फुटलेल्या चिनीमातीच्या चकत्या बदलणार आहेत. तिथे किती दाब असेल आणि जमिनीला जोडल्यावर किती उरेल, याचं गणित मांडून कागदावर सही करायची, हे माझं काम.

फोरमनना सगळे मामा म्हणतात. साठीला टेकलेले, पांढऱ्या मिशा, एका कानाने कमी ऐकू येतं. शेजारच्या लाइनीमुळे आलेल्या दाबाला आपण पुस्तकात जे भारदस्त नाव देतो, ते ऐकून त्यांनी मान हलवली. म्हणाले, आम्ही त्याला सोबत म्हणतो. बंद लाइनीला सोबत असते. तार जमिनीला जोडली की सोबत उतरते. चढण्याआधी खालून ओरडून विचारायचं, सोबत उतरवली का? हो आल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

अठरा वर्षं हे शिकवते आहे, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता.

६ तारीख, गुरुवार

लाइनीचे बारीक बारीक तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याला त्याचा स्वतःचा रोध आहे, आणि शेजारच्या तुकड्याशी असलेलं नातंही. मग दोन ओळी, दोन स्तंभ. कर्णावर प्रत्येकीचं आपापलं, कर्णाबाहेर एकमेकींचं. कर्णाबाहेरची दोन पदं नेहमी सारखीच असतात: पहिलीचा दुसरीवर जेवढा परिणाम, तेवढाच दुसरीचा पहिलीवर. वर्गात मी हे गंमत करून सांगायचे, की एकतर्फी प्रेम फक्त कवितेत असतं, तारांमध्ये नाही.

रोज दुपारी तीनला दोन्ही टोकांना एकाच वेळी मापं घेतो. तेव्हा चालू लाइन सगळ्यात स्थिर असते. आजचं माझं उत्तर ६२१० व्होल्ट. मीटरवर ६५९०.

तीनशे ऐंशीचा फरक जास्त आहे. चूक माझीच असणार.

८ तारीख, शनिवार

चूक सापडत नाही. तारांची उंची, झोळ, जमिनीचा ओलावा, सगळं पुन्हा घातलं. कधी फरक चारशे येतो, कधी साडेतीनशे. ऑपरेटर म्हणाली, मॅडम, एवढं लावून धरू नका, आमच्या घरच्या वजनकाट्यालाही माझं वजन कधी पटत नाही.

संध्याकाळी चहा केला आणि दोन कप ओतले. अकरा वर्षांची सवय. दुसरा कप खुर्चीच्या हातावर ठेवून दिला. ओतून टाकायला जीव झाला नाही.

१० तारीख, सोमवार

आज चालू लाइनही पाऊण तास बंद ठेवायची होती, पलीकडे काहीतरी काम होतं. मला आयतीच संधी मिळाली. शेजारीणच नाही तर सोबत कुठली? माझ्या गणिताचं उत्तर शून्य. मीटरनेही शून्य दाखवावं आणि माझ्या चुकीचा माग लागावा, एवढीच अपेक्षा होती.

३८०.

मीटर बदलला. ३८०. ऑपरेटरची थट्टा थांबली. मामा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, की किती? मी आकडा सांगितला. त्यांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा सांगितला. ऐकू आलं होतं.

११ तारीख, मंगळवार

फरक माझा नाही, शेजारणीचा नाही, तर तिसऱ्याचा असला पाहिजे. म्हणून गणितात तिसरी ओळ आणि तिसरा स्तंभ घातला. ही एक काल्पनिक तार, जिची जागा मला माहीत नाही. दोन्ही टोकांच्या मापांवरून ती जागा काढायची.

हे फार सावधपणे लिहिते. पुरेशी अज्ञातं घातली तर काहीही जुळवता येतं. मीच विद्यार्थ्यांना बजावते, की अज्ञातं म्हणजे फुकटचे मजूर, वाटेल ते बांधून देतील. तरीही: तार लांब आणि आडवी धरली तर काही केल्या जुळत नाही. आखूड आणि उभी धरली तर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळतं.

लांबी एक मीटर पंच्याऐंशी.

जागा: आरंभीच्या मापांवरून मनोरा ४७, अगदी लाइनीजवळ. सोमवारच्या मापावरून ३३. आजच्या मापावरून २६.

१२ तारीख, बुधवार

२१. एवढ्याशा तुकड्यामुळे एवढा परिणाम व्हायचा तर त्याच्या स्वतःवर किती दाब असायला हवा, तेही काढलं. मग खोडलं. खोडायला नको होतं, पण खोडलं.

१३ तारीख, गुरुवार

मामांना विचारलं, सत्तेचाळीसवर काय आहे? पक्कड पुसता पुसता त्यांनी सांगितलं. 

पाच वर्षांपूर्वी तिथे त्यांचा एक गडी गेला. सगळे त्याला लंबू म्हणायचे. जोडीदार पाणी प्यायला खाली उतरला होता. लंबू वर एकटाच. वरून हसत हसत ओरडला, वर कुणीतरी या रे, एकट्याने करमत नाही. एवढं म्हणून त्याने तार धरली. तेव्हा लाइन एकाच टोकाला जमिनीला जोडली होती, कारण गणिताच्या साहेबांनी कागदावर लिहून दिलं होतं: सोबत नाही. मामा म्हणाले, कागदावर नव्हतीच ती. तारेवर होती.

किती उंच होता, हे मी विचारलं. मामांनी हात वर करून दाखवलं. म्हणाले, सहा फुटांना एक बोट जास्तच.

एक मीटर पंच्याऐंशी.

आजची जागा १४.

१५ तारीख, शनिवार

काल-आज ताप. क्वार्टरमध्येच पडून होते. मापं ऑपरेटरने घेतली आणि फोनवर सांगितली. काल ५. आज ३.

तीन नंबर माझ्या खिडकीसमोर आहे.

पण लाइनीखाली नाही. लाइनीपासून बाजूला चौसष्ट मीटर. मनोऱ्यापासून माझ्या खिडकीपर्यंतचं अंतर मी पहिल्याच दिवशी सहज म्हणून पावलांनी मोजलं होतं. ऐंशी पावलं. माझं पाऊल ऐंशी सेंटिमीटरचं आहे.

तापात केलेलं गणित आहे. उद्या पुन्हा करेन.

१६ तारीख, रविवार

पुन्हा केलं. चौसष्ट.

खुर्चीच्या हातावर रोज चहा ठेवते आहे. कशासाठी, हे स्वतःला विचारलं नाही. आज विचारलं. कप मात्र तिथेच राहू दिला.

१८ तारीख, मंगळवार

नीट परीक्षा घेतली. सोमवारी तीन वाजता मी पॅनेलच्या खोलीत बसले. उत्तर: पॅनेलची खोली, माझ्या डाव्या हाताला दोन मीटर. आज तीन वाजता क्वार्टरमध्ये बसले. उत्तर: क्वार्टर, आतली खोली.

माझ्याच शरीरामुळे असं होतं का, हेही तपासलं. माझी उंची एक मीटर चोपन्न. त्या लांबीने काहीच जुळत नाही.

म्हणजे तो लाइनीवरून आला, पण लाइनीसाठी आला नाही.

हे वाक्य एखाद्या विद्यार्थिनीने लिहिलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती. माझ्याकडे लाल पेन नाही.

१९ तारीख, बुधवार

ऑपरेटरने आज स्वतःहून सांगितलं. नजर मीटरवर ठेवूनच. आधीचे गणिताचे साहेब याच क्वार्टरमध्ये राहायचे. लंबू गेल्यावर ते नोकरी सोडून गेले, पण चार महिन्यांनी परत आले. म्हणाले, तो कागद मला पुन्हा करायचा आहे. रोज तीनला मापं घ्यायचे. एके दिवशी मापं घ्यायला आलेच नाहीत. खुर्चीत बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले हृदय. पण त्या दिवशी क्वार्टरचा फ्यूज काढलेला होता, खांबापासूनची वायरही सोडवलेली होती, आणि साहेबांचे दोन्ही तळवे काळे पडले होते.

ती म्हणाली, मॅडम, तुम्ही माझ्याकडे राहायला या. पोरं दंगा करतात, पण घर भरलेलं असतं.

मी नाही म्हणाले. तिच्या घरात मी कोणाला घेऊन जाणार आहे, हे मला माहीत होतं.

२० तारीख, गुरुवार

टेबलाचा खण मागे अडकत होता. त्यामागे साहेबांचा जुना कागद सापडला. पेन्सिलीने लिहिलेला फरक: ३७५. त्यावर खोडरबर. शेजारी बारीक अक्षरात, मीटरची चूक. आणि खाली सही.

त्यांनी तीनशे पंच्याहत्तर पुसले. मी बारा तारखेला दाब खोडला. फार अंतर नाही आमच्यात.

पण पाच वर्षांपूर्वी, ही सही झाली तेव्हा, लंबू जिवंत होता. मग ते तीनशे पंच्याहत्तर कोणाचे होते? त्याच्या आधीही कोणीतरी—

हा विचार आज नको.

२१ तारीख, शुक्रवार

मामांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. विचारलं, बाई, सोमवारी आमची पोरं नऊवर असतील, तेव्हा हा कुठे असेल? मी म्हटलं, मी असेन तिथे. ते म्हणाले, मग तुम्ही उद्याच्या बसने घरी जा.

बसचा रस्ता लाइनीच्या कडेनेच जातो, एकतीस किलोमीटर. दुसरा रस्ता नाही. मी गेले तर त्याला नऊवरून ओढत नेणार, आणि मला सोडून तो तिथेच थांबला तर? सोमवारी तिथे वर तिघं असतील, बोलणारे, हसणारे. त्याला तेच हवं आहे.

मी इथेच राहणार. कागदावर सही केली: दोन्ही टोकांना आणि नऊवरही जमिनीला जोडावं, चढण्याआधी मोजावं, मोजल्याशिवाय चढू नये. फरकाचा आकडा पूर्ण लिहिला. खोडला नाही.

प्रामाणिकपणे आणखी एक लिहायला हवं. मी फक्त त्या तिघांसाठी राहते आहे का? आई गेल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या मागून खोलीत येतं आहे.

२२ तारीख, शनिवार

तीन वाजता हातावरचे केस उभे राहिले. चहावर साय धरते तशी धरली होती. ती एका बाजूला सरकली. खुर्चीच्या बाजूला.

धाकटीचा फोन. आवाजात खरखर होती. ती म्हणाली, ताई, तुझ्याकडे कोण आहे? कोणीतरी श्वास घेतंय.

लाइन खराब आहे म्हटलं. खोटं बोलले. म्हणजे, लाइन—

२३ तारीख, रविवार

माझ्यापासून दीड मीटर.

कर्णाबाहेरची दोन्ही पदं सारखी. त्याचा माझ्यावर जेवढा, तेवढाच माझा त्याच्यावर. मग मी जवळ ओढते आहे, की तो येतो आहे? गणित सांगत नाही. गणिताला त्याने काही फरक पडत नाही.

दिवसभर कॉटच्या कडेला पाय वर घेऊन बसले. खाली लादी गार आहे, पण एका जागी, दोन पावलांएवढ्या जागी, गरम.

२४ तारीख, सोमवार

अडीच. मामांचा फोन. सगळे नऊच्या खाली पोचले. ऑपरेटरही मीटर घेऊन तिथेच.

दोन चाळीस. पुन्हा मामा. हसत होते. म्हणाले, बाई, जोडायच्या आधीच मोजलं, आज तुमचं गणित आणि मीटर अगदी एक! शेजारणीची होती तेवढीच, वरचे तीनशे ऐंशी नाहीत. मग तिन्ही ठिकाणी जोडली, काटा शून्यावर झोपला. सोबत उतरली, पोरांना चढवू का?

चढवा म्हटलं.

 मामांनी लगेच विचारलं, बाई, मग ते तीनशे ऐंशी कुठे गेले?

मी फोन ठेवला.

दोन पंचावन्न. पोरं वर पोचली, ऑपरेटरने कळवलं. तासाभराचं काम आहे. तासभर. चारपर्यंत त्याला इथे ठेवायचं.

फ्यूज मी सकाळीच काढून ठेवला आहे. पेनाचं टोक कागदाला टेकलं की बारीक चटका—

तीन. खुर्ची वाजली. मी कॉटवर आहे.

वेत खाली दबला आहे. उंच माणूस बसल्यासारखा. गुडघे माझ्या गुडघ्यांपर्यंत—

तीन दहा. दारातून निघाला होता. लादीवरची ऊब दारापर्यंत गेली. नऊवरून वाऱ्याने पोरांचं हसणं ऐकू येतं आहे, ते त्याने ऐकलं. मी म्हटलं, बस. मी आहे ना. आईला म्हणायचे तसं. थांबला.

परत आला.

तीन वीस. पुन्हा हसले ते वर. पुन्हा दार. आता नुसत्या बोलण्याने थांबत नाही. धरावं लागेल.

साहेबांचे दोन्ही तळवे. त्यांना कोणी मारलं नव्हतं. त्यांनी हात—

अजून चाळीस मिनिटं. मामांना म्हणावं, घाई करू नका, चकत्या नीट बसवा. लाइनीला सोबत नाही. कागदावरही नाही, तारेवरही नाही. सगळी इथे आहे.

उभा आहे. वाकला आहे. तळहात वर करून, मागतात तसे.

वर कुणीतरी या, म्हणाला होता. कोणी गेलं नाही.

पेन खाली ठेवते. दोन्ही हात लागतील, एकाने नाही होणार, एकतर्फी कधीच—